जहाजाच्या सांगाड्याचे पार्ट नंबर: मॉडेल उघडण्याआधी काय ठरवायचं आणि कटिंगनंतर कशाला हात लावायचा नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कटिंग शेडमध्ये बारा मिलिमीटर जाडीचे दोन ब्रॅकेट, म्हणजे दोन प्लेटच्या कोनात आधाराला बसणारे तुकडे, फरशीवर शेजारी शेजारी ठेवले होते. आकार एक, भोक एक, कोपऱ्याचा स्कॅलप (वेल्डसाठी कापलेली गोल खाच) एक. नंबरही एकच. ते मॉडेल करणारा मुलगा म्हणाला, "सर, दोन्ही सारखेच की!" त्यातला एक उचलून मी उभ्या प्लेटच्या उजव्या अंगाला लावला आणि दुसरा डाव्या अंगाला. उजवीकडच्याचा बेव्हल, म्हणजे वेल्डिंगसाठी तिरकी कापलेली कड, वेल्डरच्या समोर आला. डावीकडच्याचा बेव्हल पलीकडे गेला, जिथं वेल्डिंगची गन पोचतच नाही. एकूण ७२ नग कापून झाले होते. त्यातले ३६ पुन्हा कापावे लागले.

ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती, मापं मिलिमीटरपर्यंत बरोबर होती. चूक होती ती नंबर देण्यात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं आता घाटाखालच्या जहाजबांधणी यार्डांसाठी डिटेलिंग करतात, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं कॉम्प्युटरवर तपशीलवार मॉडेल बनवतात. त्यांच्या कामात मला हीच चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते. इथं समुद्र नाही. ज्या जहाजाचे तुकडे आपण मॉडेल करतो ते आपण क्वचितच पाहतो, आणि यार्डातल्या फिटरला आपला चेहरा ठाऊक नसतो. त्याच्या हातात पोचतो फक्त नंबर. म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

एक खुलासा आधीच. सॉफ्टवेअरमध्ये नंबरातली अक्षरं आणि आकडे रोमन लिपीतच ठेवावे लागतात. इथं ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

तयारी: हे कागद हातात आल्याशिवाय सुरुवात नको

यार्डाकडून किंवा मुख्य डिझाइन ऑफिसकडून चार गोष्टी मागून घ्या: ब्लॉक (जहाजाचे वेगळे बांधून नंतर जोडायचे मोठे भाग) विभागणीचा आराखडा, फ्रेम टेबल (जहाजाच्या आडव्या फासळ्यांच्या, म्हणजे फ्रेमच्या, जागांचा तक्ता), जोडणीचा क्रम आणि यार्डाचा स्वतःचा नंबरिंगचा नियम. शेवटची गोष्ट नव्वद टक्के वेळा "तुमच्या पद्धतीनं द्या" असं सांगून टाळली जाते. ते ऐकून गप्प बसू नका. पुढचे प्रश्न लेखी पाठवा आणि उत्तरही लेखीच घ्या.

– शून्य फ्रेम जहाजाच्या मागच्या टोकाकडे की पुढच्या?
– डावी-उजवी बाजू कशी दाखवायची: पी (पोर्ट, डावी) आणि एस (स्टारबोर्ड, उजवी) अक्षरांनी की सम-विषम आकड्यांनी?
– अगदी एकसारख्या तुकड्यांना एकच नंबर चालेल की प्रत्येकाला वेगळा हवा?
– मार्किंग प्लेटच्या कोणत्या अंगावर?
– नंबरात जास्तीत जास्त किती अक्षरं चालतात?

शेवटचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो. पण कटिंग मशीन, स्टोअरची यादी आणि यार्डातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर या तिघांची मर्यादा वेगवेगळी असू शकते. आपण वीस अक्षरं दिली आणि मधल्या एकानं सोळावर कापली, तर शेवटचा आकडा आणि बाजूचं अक्षर दोन्ही गेलं.

पायरी १: आधी चौकट ठरवा – फ्रेम, लाँजिट्यूडिनल, डेक

व्यापारी जहाजांत साधारणपणे शून्य फ्रेम आफ्ट पर्पेंडिक्युलरवर, म्हणजे बहुधा रडर स्टॉकच्या (सुकाणूच्या दांड्याच्या) मध्यरेषेवर असते आणि आकडे पुढच्या टोकाकडे वाढत जातात. शून्याच्या मागे वजा एक, वजा दोन. अमेरिकन नौदलाच्या पद्धतीत उलटं आहे. तिथं शून्य पुढच्या टोकाला आणि आकडे मागे वाढत जातात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही शिरल्या की घात होतो.

६० मीटर लांबीची आणि सगळीकडे ६०० मिलिमीटर अंतरावर फ्रेम असलेली बार्ज घ्या. एकूण १०० अंतरं. मागून मोजली तर फ्रेम ३० ही मागच्या टोकापासून १८ मीटरवर. पुढून मोजली तर तीच फ्रेम ३० मागच्या टोकापासून ४२ मीटरवर. फरक २४ मीटरचा. यात एक फसवी गोष्ट आहे. फ्रेम ५० दोन्ही पद्धतींत त्याच जागी येते. त्यामुळे "मधली फ्रेम तपासली, जुळली" असं कुणी सांगितलं, तर काहीच तपासलं गेलेलं नाही.

*तपासणी:* टोकाजवळची एक फ्रेम घ्या, तिचं मिलिमीटरमधलं अंतर मॉडेलमध्ये मोजा आणि फ्रेम टेबलशी ताडून पाहा. दोन्ही टोकांना फ्रेमचं अंतर बऱ्याचदा कमी असतं. त्यामुळे नुसता गुणाकार करून चालत नाही, टेबलच पाहावं लागतं.

लाँजिट्यूडिनलचे, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या आधारपट्ट्यांचे, आकडे मध्यरेषेपासून बाहेरच्या बाजूला वाढतात. बाजूच्या शेलवर (बाहेरच्या कवचावर) ते खालून वर जातात. तळ, बाजू आणि डेक यांच्या मालिका वेगवेगळ्या ठेवा. जहाज टोकाकडे निमुळतं होतं तेव्हा बाहेरचे काही लाँजिट्यूडिनल मध्येच संपतात. अशा जागी उरलेल्यांना पुन्हा एकपासून आकडे देऊ नका. नववा हा टोकापर्यंत नववाच राहतो, मग त्याच्या शेजारचा दहावा संपलेला असो वा नसो.

शेल प्लेटच्या ओळींना तळापासून वर अक्षरं देतात. त्यांतून आय आणि ओ ही अक्षरं वगळा. गंजलेल्या प्लेटवर ती एक आणि शून्य यांच्यात मिसळून जातात.

पायरी २: नंबराचा साचा – मोठ्याकडून लहानाकडे

पत्ता लिहिताना आपण घर, गल्ली, गाव असा क्रम लावतो. पोस्टमन मात्र वाचतो उलटा: आधी गाव, मग खडेबाजार, मग घर. यार्डातला माणूसही तसाच शोधतो. आधी ब्लॉक, मग पॅनेल (ब्लॉकमधला एकत्र जोडला जाणारा भाग), मग तुकडा. म्हणून नंबर त्याच क्रमानं लिहा. मी वापरतो तो साचा असा:

बी०७-डब्ल्यू०३०-०१४-पी

म्हणजे ब्लॉक सात, फ्रेम तीसवरची वेब फ्रेम (जास्त रुंद, मजबूत फ्रेम), तिच्यातला चौदावा तुकडा, पोर्ट बाजू. पोर्ट म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपल्या डाव्या हाताची बाजू. मध्यरेषेवरच्या तुकड्याला सी.

फ्रेमचा आकडा पॅनेलच्या नावात ठेवला आहे, तुकड्याच्या आकड्यात नाही. यावर माझं मत ठाम आहे. वेब फ्रेम ३० कधी जागा सोडत नाही, पण तिच्यावरचा एखादा ब्रॅकेट डिझाइन बदलल्यावर शेजारच्या फ्रेमवर जाऊ शकतो. तुकड्याच्या आकड्यातच जागा भरली असेल, तर त्या दिवसापासून तो नंबर खोटं सांगू लागतो.

जाडी, स्टीलचा ग्रेड, वजन, रिव्हिजन यांतलं काहीही नंबरात घालू नका. या गोष्टी बदलतात. त्यांना यादीत स्वतंत्र रकाना असतो. ग्रेड मात्र मार्किंगमध्ये नंबराच्या शेजारी वेगळा जरूर लिहा. साधं ए ग्रेड आणि जास्त ताकदीचं एएच ३६ कापल्यावर डोळ्यांना सारखेच दिसतात.

*सावध:* शून्य भरून आकडे लिहा. १४ नव्हे, ०१४. तसं नसेल तर यादी लावताना २ च्या आधी १० येतो आणि फिटर चुकीच्या ओळीत शोधत बसतो.

*सावध:* तिरकी रेघ, तारा, प्रश्नचिन्ह, कोलन वापरू नका. कटिंगच्या फाइलला पार्टचंच नाव दिलं जातं आणि विंडोज ही चिन्हं फाइलच्या नावात घेत नाही. अधिक आणि टिंबही टाळा. दोन फ्रेमच्या मधल्या जागेला ३०.५ असं न लिहिता स्वतःचं नाव द्या.

एक्सेलचं दुखणं सांगायलाच हवं, कारण त्यानं आमचा अख्खा आठवडा खाल्ला आहे. ०१२ लिहिलं की ते १२ होतं. ०३-०५ ही नोंद ३ मे होते. ब्लॉक एक, पॅनेल ई, पार्ट पाच म्हणून कुणी १ई०५ लिहिलं, तर एक्सेल त्याचा एक लाख करून टाकतं. रकाना आधी टेक्स्ट करा, मगच यादी चिकटवा. चिकटवल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेलं परत येत नाही.

पायरी ३: तुकड्यांच्या मालिका

तीन आकड्यांत हजारापर्यंत जागा आहे, ती वाटून घ्या. मी ००१ ते १९९ प्लेटना देतो, २०१ ते ३९९ स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) आणि प्रोफाइलना, ४०१ ते ५९९ ब्रॅकेटना, ६०१ ते ७९९ कॉलर प्लेट (लाँजिट्यूडिनल जिथून वेब फ्रेममधून आरपार जातो ती फट बुजवणारे तुकडे) आणि तत्सम लहान तुकड्यांना. ८०१ पासून पुढे दोन ब्लॉक जोडताना लागणारे सुटे तुकडे. आकडे तुम्ही बदला, पण वाटणी ठेवा. प्लेट आणि प्रोफाइल वेगळ्या मशीनवर कापले जातात आणि वेगळ्या रॅकला जातात. पहिला आकडा पाहताच माणसाला कुठल्या रॅककडे जायचं ते कळतं.

सुट्या तुकड्यांची मालिका बहुतेक जण विसरतात. हे तुकडे ब्लॉकला वेल्ड होऊन जात नाहीत, पिशवीतून जातात. त्यांना जवळच्या पॅनेलचा नंबर दिला, तर पॅनेल पूर्ण झाल्यावर यादीत ते "बाकी" दिसत राहतात आणि कुणीतरी ते पुन्हा कापतं.

पायरी ४: सारखे आणि आरशातले

सुरुवातीच्या ७२ ब्रॅकेटची चूक इथली आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

अथणीला कोल्हापुरी चपलेचा तळ कापताना पाहा. कातड्याला केसाचं अंग असतं आणि मासाचं अंग असतं. डाव्या पायाचा तळ उलटा केला की आकार उजव्या पायाचा होतो, पण मग चुकीचं अंग वर येतं. म्हणून कारागीर डावा आणि उजवा वेगळा कापतो. प्लेटचंही हेच आहे. बेव्हल एका अंगाला असतो, मार्किंगची रेघ (दुसरा तुकडा कुठं बसवायचा ते दाखवणारी) एका अंगाला असते. या दोन्ही गोष्टी नसलेली साधी सपाट प्लेट तेवढी उलटून वापरता येते.

म्हणून तीन प्रश्न विचारा, याच क्रमानं:

१. आकार, जाडी आणि ग्रेड तिन्ही सारखे आहेत का? एकही वेगळं असेल तर वेगळा नंबर.

२. बेव्हल किंवा मार्किंगची रेघ आहे का? असेल तर पोर्ट आणि स्टारबोर्ड वेगळे कापायचे. आकडा तोच ठेवा, शेवटचं अक्षर बदला: ०१४-पी आणि ०१४-एस. यादीतही "दोन नग" असं न लिहिता दोन ओळी करा.

३. दोन्ही तुकडे एकाच पॅनेलमध्ये जातात का? तरच एक नंबर आणि नगांची संख्या. वेगवेगळ्या पॅनेलमध्ये जाणाऱ्यांना आकार एक असला तरी वेगळे नंबर.

तिसऱ्या प्रश्नावर मतभेद आहेत, ते मी जाणतो. १२ लाँजिट्यूडिनल, दोन्ही बाजू आणि ८ वेब फ्रेम घेतल्या तर कॉलर प्लेटच १९२ होतात. प्रत्येकीला पॅनेलचा पत्ता देण्यापेक्षा सगळ्यांना एक नंबर देऊन एका पेटीत भरावं, असं काही यार्ड म्हणतात. यार्डानं लेखी तसं सांगितलं असेल तर कॉलरपुरतं तसं करा. ब्रॅकेटला ही सवलत देऊ नका. त्यांच्यात पाच-दहा मिलिमीटरचे फरक असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये इथंच हात घसरतो. अवेवा मरीन या जहाजबांधणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बाजूंचं पॅनेल एकदाच मॉडेल करून त्याला सममिती सांगता येते. पडद्यावर एकच तुकडा दिसतो म्हणून तो एकच आहे असं वाटतं. साध्या कॅडमध्ये मिरर कॉपी केली की तुकडा उलटतो, पण त्याला चिकटलेलं नाव बऱ्याचदा जुनंच राहतं. मिरर केल्यावर प्रत्येक वेळी शेवटचं अक्षर डोळ्यांनी वाचा.

*तपासणी:* यादीतून बेव्हल असलेले सगळे तुकडे वेगळे काढा. मध्यरेषेवरचे सोडून त्यांतल्या प्रत्येकाच्या शेवटी पी किंवा एस आहे का ते पाहा. एक जरी उघडा सापडला, तर त्या ब्लॉकचं नेस्टिंग (कापायच्या प्लेटवर तुकड्यांची मांडणी) थांबवा.

पायरी ५: एका ब्लॉकवर करून पाहा

साचा ठरला म्हणून सगळ्या ब्लॉकना नंबर देऊ नका. मधला साधा ब्लॉक नको, टोकाकडचा वाकडातिकडा ब्लॉक घ्या. साच्याची गैरसोय तिथंच उघडी पडते. नाव, पॅनेल, यादी, नेस्टिंग, मार्किंग असा एका ब्लॉकचा पूर्ण प्रवास करा. शिपकन्स्ट्रक्टरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचा साचा प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येच बांधता येतो. तो एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर वेगळ्या फाइलमध्ये काम केलं, तर दोघांचाही पुढचा मोकळा आकडा ०४७ असतो आणि फाइली एकत्र आल्या की दोन ०४७ होतात.

हा नमुना यार्डाला पाठवा आणि लेखी होकार येईपर्यंत थांबा.

पायरी ६: कुलूप लावा

यादी कटिंगला गेली त्या क्षणी त्या ब्लॉकचे नंबर गोठले. त्यानंतर "नीटनेटकं दिसावं" म्हणून पुन्हा ओळीनं आकडे देणारी आज्ञा कुणीही चालवायची नाही. मधला ०२३ रद्द झाला तर ०२२ नंतर ०२४ येऊ द्या. ती रिकामी जागा चूक नाही. इथून एक तुकडा काढला आहे, हे ती सांगते.

बदल आला तर एकच कसोटी लावा: जुना कापलेला तुकडा नव्या जागी बसेल का?

बसत असेल, म्हणजे फक्त मार्किंगची रेघ किंवा टीप बदलली असेल, तर नंबर तोच ठेवून रिव्हिजनच्या रकान्यात पुढचं अक्षर. बसत नसेल तर नवा नंबर. जुना बाद यादीत जातो आणि त्या जहाजावर पुन्हा कधीही वापरायचा नाही. बाद नंबर दुसऱ्या तुकड्याला दिला तर रॅकवर पडलेला जुना लोखंडी तुकडा नव्याच्या नावानं जहाजावर चढतो. हे मी होताना पाहिलं आहे. तो तुकडा जवळजवळ बसत होता, म्हणूनच तो वेल्ड होईपर्यंत कुणाला संशय आला नाही.

पायरी ७: नेस्टिंग आणि मार्किंग

नंबर तुकड्याच्या आत येतो का, भोकावर किंवा बेव्हलच्या कडेवर पडतो का, हे नेस्टिंगमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी पाहा. कडेला पडलेला नंबर वेल्डिंगच्या आधीच्या ग्राइंडिंगमध्ये जातो. कॉलरवर पूर्ण नंबर मावत नसेल, तर पॅनेल आणि आकडा तेवढा घाला आणि गठ्ठ्याला तारेनं पत्र्याचा टॅग बांधा. कटिंगनंतर ब्लास्टिंग किंवा प्रायमर होणार असेल, तर मार्किंग टिकणार नाही असं धरूनच चाला. त्या कामाला टॅगच लागतो.

क्लासच्या (जहाज तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे कापलेल्या तुकड्यावरून प्लेटचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतकामाचा नंबर, मागे शोधता आला पाहिजे. तो पार्ट नंबरात कोंबायचा नाही. नेस्टिंग शीटवर कोणती प्लेट कोणत्या शीटला लावली ते लिहा आणि ते शीट जपून ठेवा.

आता आपल्या भागातली खास अडचण. शेडमध्ये मार्किंग पुसट झालं की कुणीतरी खडूनं नंबर पुन्हा लिहितो. मराठी शाळेत शिकलेल्याच्या हातून कधी देवनागरी ४ पडतो आणि दुसरा तो इंग्रजी आठ म्हणून वाचतो. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. घाईत काढलेला कन्नड एक शून्य वाटतो. यात दोष कुणाचाच नाही. तीन लिप्या एका शेडमध्ये नांदतात तिथं हे होणारच. म्हणून नियम करा: लोखंडावर फक्त इंग्रजी आकडे, आणि तेही मार्करनं.

फोनवरही तसंच. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" ग्राइंडरच्या आवाजात एकच ऐकू येतात. कन्नडमध्ये सात म्हणजे एळु आणि आठ म्हणजे एंटु, तेही तसेच निसटतात. आकडे एकेक करून सांगा: झीरो, फाइव्ह, नाइन. समोरच्यानं ते परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नका.

शेवटची तपासणी: गाडी भरण्याआधी

ट्रक घाट उतरला की चूक दुरुस्त करायला आपल्याला खाली जावं लागतं. म्हणून गाडीला तुकडे लागण्याआधी ढिगातून डोळे मिटून दहा तुकडे काढा. त्यांत निदान दोन ब्रॅकेट आणि एक कॉलर असू द्या. ज्यानं या प्रोजेक्टचं ड्रॉइंग पाहिलेलं नाही अशा माणसाला बोलवा, मग तो शेडमधला मामा असो की नवा शिकाऊ मुलगा. त्याला फक्त ब्लॉकचा आराखडा द्या आणि विचारा: हा तुकडा कोणत्या ब्लॉकचा, कोणत्या फ्रेमवरचा, कोणत्या बाजूचा? मग पी आणि एसची एक जोडी त्याच्यासमोर ठेवा, दोन्ही नंबर वर ठेवून. बेव्हल एकमेकांच्या उलट दिशेला दिसले तर जोडी बरोबर. एकाच दिशेला दिसले तर गाडी थांबवा आणि त्या नंबराचे सगळे नग बाहेर काढा.